टॅरोचं पत्रक छापण्याआधी

प्रिय अश्विनी,
सप्रेम नमस्कार.

टॅरोच्या वर्गासाठी तू लिहिलेलं पत्रक वाचलं. छापायला इतक्यात देऊ नकोस. ‘प्राचीन इजिप्तची गूढ विद्या, जिप्सींनी जपलेली’ ही पहिलीच ओळ खोटी आहे. ती कशी तयार झाली हे तुला नीट ठाऊक हवं, कारण वर्गात पहिला प्रश्न हाच येईल.

आज ज्यावरून भविष्य सांगतात तो टॅरो मुळात पत्त्यांचा खेळ. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो निघाला. फ्लॉरेन्समध्ये १४४० ची आणि फेराराच्या दरबारात १४४२ ची नोंद मिळते. साधे पत्ते त्याआधी, १३७० च्या दशकात, इजिप्त-सीरियातल्या ममलुक राजवटीच्या मुलखातून युरोपात पोचले होते. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात असा एक ममलुक कॅट आहे. त्यात पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग आहेत. इटलीत पोलो कोण खेळणार? तिथे त्या काठ्यांचे दंड झाले. त्या कॅटातल्या एका पानावर ‘कंजिफा’ असं लिहिलेलं आहे. म्हणजे आपल्या सावंतवाडीच्या गंजिफाशीही या घराण्याचं नातं लागतं.

इटालियनांनी चार रंगांच्या ५६ पानांत २२ चित्रपानं घातली. मेंढीकोटात हुकूम डावागणिक बदलतो, इथे ही २२ पानं कायमची हुकुमाची. फ्रान्समध्ये लोक आजही टॅरोनं हात करतात, गुण मोजतात आणि घरी जातात. पत्रकात हे अभिमानानं लिही. दरबारात रंगवलेली, सोन्याचा वर्ख लावलेली ती पानं इतकी सुंदर आहेत की त्यांना उसन्या प्राचीनतेची गरजच नाही.

इजिप्त आलं ते १७८१ मध्ये. कूर द जेब्लां नावाच्या विद्वानानं पॅरिसमध्ये छापून टाकलं की हा इजिप्तच्या पुरोहितांचा ग्रंथ आहे. इजिप्तची हायरोग्लिफ लिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती; फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंनं ती उलगडली १८२२ मध्ये. तोवर एतेया नावाच्या फ्रेंच भविष्यवेत्त्यानं टॅरोवरून भविष्य सांगायची पुस्तकं आणि खास कॅट विकायला सुरुवात केली होती, त्यामुळे खरी लिपी वाचली गेली तरी गोष्ट तशीच चालू राहिली. पुढे १८८९ मध्ये पापुस नावाच्या फ्रेंच गूढविद्या-लेखकानं आपल्या पुस्तकाच्या नावातच ‘बोहेमियन’, म्हणजे रोमा (ज्यांना जिप्सी म्हणतात ते) लोक, घातले.

तुझा मुख्य प्रश्न होता, टॅरो ही रोमांची बंदिस्त, म्हणजे बाहेरच्यांना मज्जाव असलेली, परंपरा आहे का आणि आपण हात लावावा का. नाही, बंदिस्त नाही. रोमांनी टॅरो आणला याला पुरावा नाही. हात पाहून, पुढे साध्या पत्त्यांवरून भविष्य सांगणं हा अनेक रोमा बायकांचा पोटाचा धंदा होता, आणि त्याच धंद्याचा दाखला देऊन १५३० मध्ये इंग्लंडनं त्यांना हाकलायचा कायदा केला. नाझींनी तर त्यांची सरसकट कत्तल केली. तेव्हा पत्ते बिनधास्त वापर, पण डोक्याला रुमाल, कानात मोठ्या बाळ्या घातलेली बाई पत्रकावर नको, आणि पानांच्या मांडणीला ‘जिप्सी स्प्रेड’ हे नावही नको. ज्यांना या प्रतिमेपायी मार खावा लागला, त्यांचीच ती प्रतिमा आपण सजावटीला लावायची हे मला पटत नाही.

हिब्रू अक्षरांचा तक्ताही तू जोडला आहेस. तो ठेवलास तर ‘ज्यू परंपरेनुसार’ हे शब्द काढ. २२ पानं आणि २२ अक्षरं यांची जोडी १७८१ च्या त्याच ग्रंथात सुचवली गेली आणि १८५० च्या दशकात एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढविद्या-लेखकानं ती पक्की केली. ज्यू कबालात, म्हणजे ज्यूंच्या गूढ परंपरेत, टॅरो नाही. शिवाय तुझा तक्ता चुकलेलाही आहे. लेव्ही ‘मूर्ख’ हे पान शेवटून दुसरं धरतो, लंडनच्या गोल्डन डॉन या गूढविद्या-मंडळाचे लोक ते पहिलं धरतात, त्यामुळे जवळपास सगळी अक्षरं एकेका घरानं सरकतात. तू निम्मा तक्ता इकडून घेतलास, निम्मा तिकडून. तसाच घोळ ८ आणि ११ चा. जुन्या फ्रेंच धर्तीच्या मार्सेय कॅटात ८ म्हणजे न्याय, ११ म्हणजे शक्ती. ब्रिटिश गूढविद्या-लेखक वेटनं आपल्या कॅटात ते उलटे केले. पुस्तक एका पद्धतीचं आणि पत्ते दुसऱ्या पद्धतीचे निघाले की विद्यार्थी इथेच अडकतात.

आता चित्रकार पामेला कोलमन स्मिथ. तू जो कॅट शिकवणार आहेस तो तिनं १९०९ मध्ये वेटसाठी काढला, सुमारे ऐंशी चित्रं, आणि त्याच वर्षी एका पत्रात लिहिलं की काम प्रचंड, पैसे फारच थोडे. वर्षानुवर्षं नाव चाललं ते प्रकाशक रायडरचं आणि वेटचं. वर्गात भिंग ने आणि प्रत्येकाला पानाच्या कोपऱ्यातली तिची सही शोधायला लाव: पी, सी, एस ही अक्षरं एकमेकांत वेटाळलेली. मग तलवारीची तिर्री काढ. लाल हृदय, आरपार तीन तलवारी, मागे राखाडी ढग आणि पाऊस. १४९१ च्या सुमाराच्या सोला-बुस्का या इटालियन कॅटातही हृदयात तीन तलवारी आहेत, आणि त्या कॅटाचे फोटो १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आले होते. ढग आणि पाऊस मात्र पामेलाचे. वीस मिनिटं या एका पानाला दे.

दहा पानांच्या ‘सेल्टिक क्रॉस’ मांडणीला प्राचीन म्हणू नकोस. तो वेटनं छापून लोकप्रिय केला. सेल्टांशी, म्हणजे युरोपातल्या त्या प्राचीन लोकांशी, संबंध दाखवणारं काहीच हाती नाही.

साहित्याच्या यादीतली पांढऱ्या सेजची जुडी काढ. ती वनस्पती दक्षिण कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्नियात उगवते, मागणी वाढल्यापासून रानातून चोरून पोत्यांनी नेली जाते. तिचा धूर करणं हा ज्या मूलनिवासींचा विधी, त्यांच्या धर्मस्वातंत्र्याला अमेरिकेत कायद्यानं संरक्षण मिळालं ते थेट १९७८ मध्ये. खोली प्रसन्न करायची तर आपल्याकडे ऊद-धूप आहेच. चिमूटभर ऊद, धुपाटण्यात निखारा, खिडकी उघडी.

पत्रकाच्या शेवटी ‘आपल्यातली विच जागवा’ असं आहे. विच म्हणजे चेटकीण. नंदुरबारकडे, सातपुड्यात, डाकीण ठरवून बायकांना मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. ती ओळ राहू नये असं मला मनापासून वाटतं. आणि ‘करणी उतरवून मिळेल’ असलं काही बोलण्याच्या ओघातही नको. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

कॅट घेताना ७८ पानं मोजून घे. पुस्तिकेच्या जागी नुसता क्यूआर कोड, अक्षरं पुसट, चित्राच्या कडा कापलेल्या, असं दिसलं तर माल बहुधा चोरून छापलेला. पामेला १९५१ मध्ये गेली, त्यामुळे तिच्या मूळ चित्रांवर भारतात आता हक्क नाही. वर्गासाठी छापून वाटलीस तरी चालतील. नव्या चित्रकारांचे कॅट मात्र त्यांच्याकडूनच विकत घे, आणि पत्रकात चित्रकाराचं नाव टाक.

दुरुस्त मसुदा पाठव, मी त्याच दिवशी वाचून परत करीन.

तुझी,
माधवी