ऑइल गळतंय म्हणून लगेच इंजिन खोलू नका

मा. संपादक, नमस्कार,

जुन्या पेट्रोल गाडीचं ऑइल गळायला लागलं की लोक सील आणि गॅस्केट बदलत सुटतात, थोड्या दिवसांनी परत तेच, मग कोणीतरी सांगतं पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला. क्रँककेसचा (पिस्टनखालचा, ऑइल असतं तो भाग) ब्रीदर, म्हणजे हवा जायची-यायची वाट, आणि तिथला गॅस परत इंजिनात सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह मात्र कोणी बघतच नाही, म्हणून हे पत्र.

रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा गॅस पिस्टनच्या कडेने खाली उतरतोच, त्यात न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ पण असते, आणि त्याला बाहेर पडायला वाट नसली की खाली प्रेशर वाढून जे सील कमजोर असेल तिथून ऑइल बाहेर यायला लागतं. शिवाय वाफ आतच थंड होऊन ऑइलमध्ये गाळ होतो तो वेगळाच. पूर्वी नुसता एक पाइप गाडीखाली सोडलेला असायचा, गाडी पळाली की वाऱ्यामुळे त्याच्या तोंडाशी ओढ बसायची, उभ्या गाडीत काहीच नाही, आणि सगळी घाण हवेत. कॅलिफोर्नियात 1961 च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांमध्ये हा गॅस परत इंजिनात ओढून जाळायची सिस्टिम आली.

त्यातला व्हॉल्व्ह म्हणजे एक स्प्रिंग आणि छोटा प्लंजर, बस. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांचा) व्हॅक्यूम जोरात असतो म्हणून प्लंजर ओढला जाऊन वाट बारीक होते, नाहीतर जादा हवा जाऊन इंजिन थरथरेल, आणि स्पीडला व्हॅक्यूम कमी होतो तशी वाट मोठी होते, गॅसही तेव्हाच जास्त असतो. बॅकफायर झालं, म्हणजे जाळ उलटा मॅनिफोल्डमध्ये आला, तर हाच व्हॉल्व्ह बंद होऊन जाळ क्रँककेसमध्ये जाऊ देत नाही. एवढ्याशा वस्तूत खरंच कमाल डोकं लावलंय!

चेक करणं सोपं आहे. इंजिन चालू ठेवून व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या वरच्या झाकणातून) उपसा आणि त्याच्या तोंडावर बोट धरा, ओढ जाणवायला पाहिजे. मग इंजिन बंद करून व्हॉल्व्ह कानाशी हलवा, खुळखुळला तर ठीक, आवाजच नसेल तर जाम झालाय. पाइप आतून चोंदलाय का तेही बघा. ऑइल कॅपखाली दुधाळ चिकटा दिसला तरी आधी इथेच बघा, फक्त कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत नाहीये ना ती खात्री करा, नाहीतर तेच ऑइलमध्ये जात असेल. हे सगळं ठीक निघालं तर मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधलं प्रेशर मोजायचं, कारण रिंगा खरंच गेल्या असतील तर चांगला व्हॉल्व्हही पुरत नाही.

आणि एअर फिल्टरमध्ये ऑइल येतंय म्हणून ब्रीदरचा पाइप काढून तसाच उघडा सोडायचा हा प्रकार कृपया बंद करा, दोष तसाच राहतो आणि धूर मागून चालणाऱ्याच्या नाकात जातो.

आपला,
एक वाचक