मशीन दिले म्हणजे झाले?

महोदय,
मानवी तस्करीतून सुटून आलेल्या मुलींना मी शिवण शिकवते. आमच्या वर्गातली एक मुलगी टेपने माप घ्यायला कुणी मागे उभे राहिले की अंग चोरायची. तिला आधी जुन्या कपड्यावरून माप काढायला शिकवले. माणसाचे माप घ्यायला तिला सात महिने लागले! ठरलेल्या तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमात हे कसे बसायचे?

संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या मानवी तस्करीविरोधी प्रोटोकॉलमध्ये (म्हणजे आंतरराष्ट्रीय करारात) निवारा, समुपदेशन आणि उपचारांबरोबरच रोजगार, शिक्षण व प्रशिक्षणाच्या संधीही नमूद आहेत. पण तेथे सरकारांनी या उपायांचा फक्त ‘विचार करावा’ अशी भाषा आहे, आणि नेमके तिथेच घोडे अडते.

मुलींना काय शिकायचे आहे, हे आधी विचारा. सगळ्याच शिवणात रमत नाहीत. एकीला वायरिंग शिकायचे होते. शिकताना हातात थोडे विद्यावेतन हवे, स्वतःच्या नावावर बँक खाते हवे. कर्ज आणि नोकरीचे आमिष दाखवूनच अनेकींना फसवलेले असते. म्हणून कामाचा करार वाचायला, मजुरीचा हिशोब मांडायलाही शिकवले पाहिजे. माप घ्यायला घाबरणाऱ्या माझ्या त्या विद्यार्थिनीने पहिल्या कमाईच्या पावतीवरचा हिशोब तीनदा मोजून पाहिला, मग पावती घडी घालून जपून ठेवली.

– एक शिवण शिक्षिका