दुष्काळातल्या नोंदी वाचायला शिकवलेत, गुरुजी

आदरणीय गुरुजी,

सप्रेम सलाम.

आपल्या मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, इतिहासाची पुस्तिका छापून आली. तिच्यावर तुमचे नाव घालू दिले नाहीत. "मी फक्त रजिस्टर वाचून दाखवले," म्हणालात. म्हणून हे पत्र चारचौघांना वाचता येईल असे लिहिते आहे. ही पुस्तिका कोणामुळे झाली, हे नगर जिल्ह्यातल्या आपल्या माणसांना कळायला हवे.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीने काम माझ्याकडे दिले तेव्हा माझ्याजवळ होती ती साहेबांची, म्हणजे परदेशी मिशनऱ्यांची, यादी. 1813 साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले, 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला सुरू झाले, 1833 मध्ये नगरची पहिली मंडळी स्थापन झाली. पुढे बॅलंटाइन, फेअरबँक, ह्यूम. ते सगळे खरेच आहे, आणि त्यांचे उपकार मी विसरत नाही. सिंथिया फरार बाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्या पाहूनच जोतीराव फुल्यांना मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. हे आपल्या घरोघरी माहीत असायला हवे आणि नाही, याचे मला वाईट वाटते. पण यादी वाचून तुम्ही एवढेच विचारलेत, "यात गावचा मास्तर कुठे आहे?"

त्या प्रश्नाने पुस्तिकेचा आराखडाच बदलला. तुम्ही मला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यापाशी नेलेत. 1850 च्या दशकात या मातीतली माणसे पाळक झाली, तिथून मंडळी खऱ्या अर्थाने इथली झाली. कृष्णराव सांगळ्यांच्या कीर्तनांविषयी तुम्ही जे बोललात ते मी जवळजवळ जसेच्या तसे घेतले आहे. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्या महार-मांग वस्त्यांत येशूची कथा पोचली ती कीर्तनाच्या चालीवर, आपल्या बोलीत. छापील पत्रके फार थोड्यांना वाचता येत होती. आणि प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर वाटून खाण्याच्या विधीला, जन्माने ब्राह्मण असलेला माणूस आणि वेशीबाहेर राहणारा माणूस एकाच भाकरीतून खात. ती पंगत सहज जमली नाही, मंडळीतही जात रेंगाळत राहिली, हेही लिहायला तुम्हीच लावलेत.

पण तुमचे सर्वांत मोठे ऋण आहे ते दुष्काळाच्या पानांचे.

माझे पणजोबा 1899-1900 च्या दुष्काळात मिशनच्या अनाथ मुलांत आले. आमच्या घरात हे कोणी मोठ्याने बोलत नसे. शाळेत आम्हाला ऐकवले जाई, "तुम्ही पोटासाठी बाटलेले." त्यामुळे पुस्तिकेत त्या दोन-तीन वर्षांवरून भरभर पुढे जायचे मी मनाशी ठरवले होते. 1901 मध्ये ह्यूम साहेबांना दुष्काळातल्या कामाबद्दल कैसर-ए-हिंद पदक मिळाले, एवढे एक वाक्य आणि विषय संपला.

तुम्ही बाप्तिस्म्याचे रजिस्टर उघडलेत आणि बोट ठेवून एकेक नाव वाचायला लावलेत. बापाचे नाव माहीत नाही. गाव माहीत नाही. वय अंदाजे. मग त्याच्याशेजारी पुढच्या वर्षांची वर्गणीची वही ठेवलीत. पाऊस परतला, मदतीचे धान्य बंद झाले, पुष्कळ जण आपापल्या गावी निघून गेले. जे राहिले ते आणा-दोन आणे वर्गणी भरत राहिले, कापणीच्या सणाला ज्वारी आणत राहिले. "भुकेलेला माणूस दाराशी येतो, त्यात लाज कसली? लाज वाटायची तर ज्यांनी दार लावून घेतले त्यांना वाटावी. आणि पोट भरल्यावर हे इथे का राहिले, ते या वहीत बघ," हे तुमचे शब्द मी विसरणार नाही.

त्याच वहीत पणजोबा सापडले. मिशनमध्ये सुतारकाम शिकलेला तो मुलगा पुढे गावचा शिक्षक-प्रचारक झाला. दिवसा पोरांना बाराखडी, संध्याकाळी भजन, रविवारी उपासना, आणि अधूनमधून कोणाचे सरकारी पत्र वाचून दाखवणे. अशी माणसे गावोगाव होती म्हणून मंडळी वाढली, हे मी आता ठामपणे म्हणू शकते. रेव्हरंड टिळकांची गायने आपण आजही गातो, टिळक थोरच. पण ती गायने खेड्यातल्या बायाबापड्यांच्या तोंडी बसवली ती या मास्तरांनी. अहमदनगर कॉलेज उभे करणारे भास्करराव हिवाळे याच मराठी ख्रिस्ती समाजातले. 1970 मध्ये वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, आपल्या पाटीवरचे नाव बदलले. त्याविषयी पुस्तिकेत एक पान आहे, तेवढे पुरे.

वडिलांनी दुष्काळाचे प्रकरण वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपासनेनंतर उभे राहून पणजोबांची हकीकत सांगितली. मग आणखी दोन कुटुंबे बोलली. हे तुमच्यामुळे घडले, गुरुजी. मनापासून आभार.

आता एक हक्काची मागणी. घरोघरी जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबल बायांची नावे रजिस्टरात फारच थोडी आहेत. पगार मिळायचा तो बहुधा नवऱ्याच्या नावाखाली. दुसऱ्या आवृत्तीसाठी आम्ही घरोघरी विचारत फिरतो आहोत. तुमच्या आई डोक्यावर पुस्तकांची पिशवी घेऊन वाड्यावाड्यांत जात, असे तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. ते सविस्तर लिहून द्या. हात थरथरतो म्हणून टाळू नका. तुम्ही सांगा, मी लिहून घेते. कापणीच्या सणाच्या आधी येते.

तुमची विद्यार्थिनी