एलिव्हेटरच्या सांध्यातला चुकीचा बोल्ट आणि मागाहून बदललेले ड्रॉइंग : तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व तांत्रिक साहाय्य विभाग

विषय : क्विक-बिल्ड किटच्या एलिव्हेटर नियंत्रणात ड्रॉइंगप्रमाणे नसलेला बोल्ट व नट बसवल्याबद्दल, आणि तक्रारीनंतर भाग न बदलता ड्रॉइंग बदलल्याबद्दल

महोदय,

आपल्या कंपनीचे दोन आसनी, पूर्ण धातूचे क्विक-बिल्ड किट (काही भाग कारखान्यात आधीच जोडून येणारा, स्वतः विमान बांधायचा संच) मी घेतले आहे. विमान आता पहिल्या उड्डाणाआधीच्या तपासणीपर्यंत आले आहे. त्याच्या एलिव्हेटरच्या (विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या, शेपटीवरच्या हलत्या भागाच्या) जोडणीत आपल्या कारखान्यात बसवलेला एक बोल्ट आपल्याच ड्रॉइंगप्रमाणे नाही. हे लेखी कळवल्यावर आपल्या तांत्रिक विभागाने बोल्ट बदलून न देता मला 'सुधारित' ड्रॉइंग पाठवले. बोल्ट चुकीचा निघाला याबद्दल तक्रार आहेच, पण ड्रॉइंग बदलले याबद्दल त्याहून मोठी आहे. म्हणून त्या विभागाशी आणखी पत्रव्यवहार करत न बसता थेट आपल्याला लिहीत आहे.

आधी काय सापडले ते सांगतो. मागचा फ्यूजलाज, म्हणजे धडाचा मागचा भाग, आपल्याकडूनच रिव्हेट मारून, पत्रा बंद करून आला. स्टिकची हालचाल एलिव्हेटरपर्यंत नेणारे आतले बेलक्रँक (हालचालीची दिशा बदलणारी तरफ) आणि पुशरॉड (ढकलणारा दांडा) आधीच जोडलेले होते. तपासणीच्या झाकणातून टॉर्च आणि लांब दांड्याचा आरसा आत घालून मी नियंत्रणाचा एकेक सांधा पाहत होतो आणि सहकारी कॉकपिटमध्ये बसून स्टिक पूर्ण पुढे, पूर्ण मागे करत होता. पुशरॉडचे टोक बेलक्रँकच्या फाट्यात जिथे अडकते, तिथल्या बोल्टच्या डोक्यावर मी मार्करने एक रेघ ओढून ठेवली होती. स्टिक मागे आली की ती रेघ घड्याळातल्या बारावरून दोनवर जायची, पुढे गेली की पुन्हा बारावर यायची. म्हणजे बोल्ट जागेवर स्थिर नाही, सांध्याबरोबर फिरतो आहे. नटावरून बोल्टच्या आट्यांवर उतरलेल्या पिवळ्या टॉर्क सीलला (नट हलला की तडकणाऱ्या रंगाच्या खुणेला) केसाएवढी चीर गेली होती. तीही इंजिन एकदाही सुरू झालेले नसताना, नुसत्या स्टिक हलवण्याने. या सगळ्याचे चित्रीकरण सोबत दिले आहे.

मग ड्रॉइंग काढून पाहिले. किटबरोबर आलेल्या छापील ड्रॉइंगवर या जागी एएन ४-१२ हा विमानाच्या बोल्टचा प्रमाणित क्रमांक लिहिला आहे. म्हणजे १/४ इंच व्यासाचा, साधारण सव्वा इंच लांबीचा, दांड्याला कॉटर पिनसाठी भोक असलेला बोल्ट, त्यावर खाचांचा कॅसल नट आणि आरपार कॉटर पिन (पाय वळवून बसवायची, नट उतरू न देणारी पिन). प्रत्यक्षात बसवला आहे एएन ४-१२ ए. शेवटी 'ए' असला की दांडा बिनभोकाचा. अशा बोल्टला कॉटर पिन लावायची सोयच नसते, म्हणून त्यावर नायलॉनच्या कड्याचा सेल्फ-लॉकिंग नट चढवला आहे. लांबी तीच, जाडी तीच, स्टीलही तेच. लांबून पाहणाऱ्याला फरक कळणारही नाही.

पण फरक मोठा आहे. नायलॉक नट आट्यांना धरून राहतो तो फक्त घर्षणाने. सांधा घट्ट आवळलेला असेल आणि बोल्ट हलत नसेल, तर तो नट उत्तम काम करतो. माझ्या विमानात असे कितीतरी नट आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी काहीही हरकत नाही. बोल्ट सांध्याबरोबर फिरू लागला की मात्र प्रत्येक हालचालीत नटाला थोडा पीळ बसतो, त्यात इंजिनचा थरथराट मिसळतो आणि नायलॉनची पकड हळूहळू ढिली पडते. कॉटर पिन घर्षणावर अवलंबून नसते. नट कितीही सैल झाला तरी पिन तुटल्याशिवाय तो आट्यांवरून उतरत नाही. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक संस्थेच्या एसी ४३.१३-१बी या दुरुस्तीविषयक पुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे, की फिरणाऱ्या भागांवर सेल्फ-लॉकिंग नट वापरू नयेत. घरी बांधलेल्या विमानावर ती पुस्तिका कायद्याने बंधनकारक नसेलही. पण जगभरचे बांधक आणि इन्स्पेक्टर तीच प्रमाण मानतात, आणि आपल्या बांधणी पुस्तिकेतही रिव्हेट आणि टॉर्कच्या प्रकरणांत तिचाच हवाला दिला आहे.

आणि हा सांधा कुठला? एलिव्हेटरचा. हा बोल्ट निघून आला तर वैमानिकाच्या हातातली स्टिक आणि शेपटीवरचा एलिव्हेटर यांचा संबंध तुटतो. मग विमानाचे नाक वर किंवा खाली नेण्यासाठी उरतो तो ट्रिम (नाकाचा कल राखणारे वेगळे नियंत्रण) आणि थ्रॉटल. उंचीवर, शांत हवेत एखादा कसलेला वैमानिक त्यावर विमान खाली आणूही शकेल. उड्डाणाच्या पहिल्या मिनिटात तेवढी उसंत मिळत नाही.

आपल्या तांत्रिक विभागाचे पहिले उत्तर असे होते : रॉड-एंड बेअरिंगचा (पुशरॉडच्या टोकावरच्या बेअरिंगचा) आतला गोळा बोल्टने आवळला जातो, फिरतो तो बाहेरचा भाग, बोल्ट स्थिरच राहतो, तेव्हा नायलॉक नट चालतो. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. त्याच तत्त्वावर बांधलेली असंख्य विमाने सुखरूप उडतात, हेही मला मान्य आहे. पण तसे व्हायला फाट्याचे दोन्ही कान आवळल्यावर आत येऊन गोळ्याला दाबायला हवेत. आपल्या बेलक्रँकचा फाटा जाड, अखंड ठोकळ्यातून कापलेला आहे. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून पाहिला तेव्हा नट पूर्ण आवळलेला असूनही गोळा आणि कान यांच्यात फट उरते. ते कान वाकणारे नाहीत, आणि मूळ रचनेत ते वाकावेत अशी अपेक्षाही नव्हती. म्हणूनच आपल्या डिझायनरने तिथे भोकाचा बोल्ट आणि कॅसल नट सांगितला होता. मूळ ड्रॉइंग काढणाऱ्याला हा सांधा नीट कळला होता. गफलत झाली ती नंतर, भाग भरताना किंवा जोडताना.

हा फरक आपल्या कंपनीला माहीत नाही असेही म्हणता येत नाही. इंजिनच्या बाजूच्या पाकिटात एक्झॉस्टजवळच्या सगळ्या जोडण्यांसाठी आपण नायलॉन नसलेले, पूर्ण धातूचे लॉक नट दिले आहेत, कारण सुमारे १२० अंश सेल्सियसच्या वर नायलॉनचा भरवसा राहत नाही. ते पाकीट पाहून मला खरोखर समाधान वाटले होते. फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या भिंतीच्या) पुढे जी काळजी घेतली ती शेपटीत का घेतली गेली नाही?

हे सगळे मी फोटो आणि मोजमापांसह पुन्हा कळवले. त्यावर जे आले ते वाचून मी थक्क झालो. आपल्या विभागाने त्याच पानाचे नवे रिव्हिजन पाठवले. त्यात एएन ४-१२ च्या पुढे 'ए' जोडलेला होता, कॅसल नट आणि कॉटर पिन यादीतून काढून टाकलेले होते, आणि सोबत एक ओळ होती : आता आपले विमान ड्रॉइंगशी सुसंगत आहे. रिव्हिजनची तारीख माझ्या पहिल्या तक्रारीनंतरची आहे. बदलाचे कारण लिहिण्याच्या रकान्यात काही नाही. फाटा तोच, बेअरिंग तेच, फट तीच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हा प्रकार. ड्रॉइंग हा विमानाच्या सुरक्षिततेचा आधार असतो. हातात आलेला भाग कागदाशी जुळावा म्हणून कागदच बदलायचा ठरवला, तर आम्ही बांधकांनी भाग तपासायचे तरी कशाच्या आधारावर?

किट विमानात या प्रश्नाला एरवीपेक्षा जास्त वजन आहे. कारखान्यात बनलेल्या विमानामागे त्या कारखान्याचे प्रमाणपत्र असते. किटच्या बाबतीत निम्म्याहून अधिक काम बांधकाने स्वतः करायचे आणि निर्माता म्हणून विमानाच्या पाटीवर त्याचेच नाव कोरायचे, अशी पद्धत आहे. ती जबाबदारी मी आनंदाने घेतली आहे. माझ्या बांधणीच्या नोंदवहीत प्रत्येक सांध्याचा टॉर्क, प्रत्येक रिव्हेट रांगेचा फोटो आणि बदललेल्या प्रत्येक भागाचे कारण आहे. दाबलेल्या रिव्हेटचे डोके व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच भरले नाही, तर तो ड्रिलने काढून पुन्हा मारला आहे. आपल्याकडून एवढीच अपेक्षा होती, की ज्या कागदावर विसंबून मी हे करतो तो प्रामाणिक असावा.

मूळ आराखड्यापासून केलेला बदल पुढच्या माणसापर्यंत नीट पोचला नाही की काय होते, याचे उदाहरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बेमध्ये गायक जॉन डेन्व्हर यांचे लाँग-ईझी विमान कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. लाँग-ईझी हे बर्ट रुटान यांचे नावाजलेले डिझाइन. डेन्व्हर यांचे विमान दुसऱ्याच कोणी बांधलेले होते आणि त्यांनी ते नुकतेच विकत घेतले होते. इंधनाची टाकी बदलण्याचा व्हॉल्व्ह मूळ आराखड्यातल्या जागी न ठेवता बांधकाने वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला होता आणि त्याच्या मुठीवर खुणाही नव्हत्या. चौकशी अहवालाने ती अवघड जागा आणि नसलेल्या खुणा या दोन्ही गोष्टी अपघाताला हातभार लावणाऱ्या म्हणून नोंदवल्या. तिथे बदल करणारा एकटा बांधक होता आणि विमान एक होते. इथे बदल आपण करत आहात, तोही मागाहून, आणि त्याची झळ हे किट घेतलेल्या प्रत्येकाला लागू शकते.

मला सर्वांत जास्त काळजी त्याच लोकांची वाटते. माझे विमान जमिनीवर आहे, माझ्या हाती आरसा आणि टॉर्च आहे. पण ज्यांची विमाने उडू लागली आहेत आणि ज्यांची वार्षिक तपासणी अजून लांब आहे, त्यांच्या सांध्यात कुठला नट आहे? नवे रिव्हिजन हाती धरून तपासणी करणाऱ्याला तो नट बरोबरच वाटेल. म्हणजे जी चूक उद्या एखाद्या इन्स्पेक्टरच्या नजरेस पडली असती, ती या नव्या कागदाने झाकली जाणार.

एका गोष्टीची नोंद इथे करायलाच हवी. पंखातल्या टाक्यांसाठी आलेल्या पॉलिसल्फाइड सीलंटच्या डब्यावरची मुदत डबा हाती येण्याआधीच उलटून गेली होती. ते कळवल्यावर आपण काही न विचारता ताजा डबा पाठवला. मुदत संपलेले सीलंट नीट धरत नाही आणि रिव्हेट मारून बंद केलेली टाकी पुन्हा उघडणे किती जिकिरीचे असते हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणूनच ती तत्परता दिसली. एका बोल्टची किंमत त्या डब्यापुढे नगण्य आहे. त्यामुळे इथे अडचण पैशाची नसून चूक कागदावर मान्य करण्याची आहे, असे मला वाटू लागले आहे. हा माझा गैरसमज असेल तर तो आपल्या उत्तराने दूर व्हावा अशी मनापासून इच्छा आहे.

माझ्या मागण्या अशा. या सांध्यासाठी आणि नियंत्रणाच्या साखळीत जिथे जिथे बोल्ट फिरू शकतो अशा प्रत्येक जागेसाठी मूळ ड्रॉइंगप्रमाणे भोकाचे बोल्ट, कॅसल नट आणि कॉटर पिना बॅचच्या प्रमाणपत्रासह पाठवाव्यात. तपासणीच्या झाकणातून हात पोचतो, पण टॉर्क रेंच फिरत नाही आणि पिनचे पाय वळवायला जागा उरत नाही. त्यामुळे मागच्या पत्र्याचे काही रिव्हेट काढावे लागणार आहेत. ते कुठून काढायचे, भोके मोठी झाली तर कुठल्या मापाचा रिव्हेट घालायचा आणि पत्रा खराब झाला तर नवा कोण देणार, हे आपल्या अभियंत्याच्या सहीने लेखी मिळावे. मागाहून काढलेले रिव्हिजन रद्द करावे किंवा, त्यावर आपण ठाम असाल, तर या फाट्यात बोल्ट फिरत नाही हे दाखवणारे मोजमाप आणि ते मंजूर करणाऱ्याची सही पाठवावी. सर्वांत तातडीचे म्हणजे, हे किट घेतलेल्या सर्वांना सर्व्हिस बुलेटिन (निर्मात्याची लेखी सूचना) काढून पुढच्या उड्डाणाआधी हा सांधा तपासायला सांगावे. तपासायला फारसे काही लागत नाही. एक आरसा, एक मार्कर आणि स्टिक हलवणारा माणूस पुरतो.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत बुलेटिन निघाले नाही, तर फोटो, चित्रीकरण आणि ड्रॉइंगची दोन्ही रिव्हिजन मी विमान सुरक्षा नियामकाकडे आणि माझ्या संपर्कातल्या, हेच किट बांधणाऱ्या सर्वांकडे पाठवणार आहे. विमानाच्या नोंदवहीत 'उड्डाणास अयोग्य, एलिव्हेटर बेलक्रँकचा बोल्ट' अशी नोंद करून स्टिकला लाल पट्टी बांधली आहे. भाग येऊन, बसवून, दुसऱ्या माणसाकडून तपासून होईपर्यंत ती काढली जाणार नाही.

आपला ग्राहक

सोबत : बोल्ट व नटाचे फोटो, सांध्याच्या हालचालीचे चित्रीकरण, फीलर गेजच्या मोजमापांची नोंद, ड्रॉइंगची दोन्ही रिव्हिजन, आपल्या विभागाशी झालेला पत्रव्यवहार.