नॉयरच्या लेखात ‘क्रॉसफायर’ कसा नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या हॉलिवूड नॉयरवर, म्हणजे त्या काळोख्या गुन्हेपटांवर, पानभर लेख दिलात, आवडला, पण १९४७ च्या ‘क्रॉसफायर’चं साधं नावही त्यात नाही, हे अजिबात पटलं नाही.

महायुद्ध नुकतंच संपलंय, वॉशिंग्टनच्या एका बारमध्ये सोल्जर्स बसलेत, तिथे सॅम्युअल्स नावाचा ज्यू माणूस एका उदास पोराशी आपुलकीनं बोलतो आणि त्याच रात्री स्वतःच्या घरात मार खाऊन मरतो. आपल्याला दिसतात फक्त भिंतीवर झटापटीच्या सावल्या, मग लॅम्प पडतो आणि सगळा अंधार. पोलीस कॅप्टन फिनले खुनाचं कारण शोधत बसतो पण काही हाती लागत नाही, कारण खुनी मॉन्टगोमरी मेलेल्याला धड ओळखतही नसतो, तो ज्यू होता एवढंच त्याला पुरलं. असले लोक युद्धात मागे राहून मजा मारतात असं हा मॉन्टगोमरी बोलून दाखवतो, आणि सॅम्युअल्स तर जपानशी झालेल्या ओकिनावाच्या लढाईत जखमी होऊन आलेला! मॉन्टगोमरीच्या भूमिकेत रॉबर्ट रायननं त्याला राक्षस केलेला नाही, पोलिसांशी किती अदबीनं वागतो बघा, म्हणून तर जास्त भीती वाटते.

मूळ कादंबरीत मारला जाणारा माणूस समलिंगी आहे, तेव्हाच्या सेन्सॉर कोडला ते चाललं नसतं म्हणून सिनेमात तो ज्यू झाला. फिनलेसुद्धा आपल्या आयरिश कॅथलिक आजोबांचा १८४८ मध्ये असाच खून झाल्याचं सांगतो. ते भाषण लांबतं अशी तक्रार असते, मला मात्र ते हवंच वाटतं, नाहीतर हा एकाच समाजाचा प्रश्न आहे असं समजून लोक घरी गेले असते.

पाच ऑस्कर नामांकनं मिळाली, ऑस्कर एकही नाही. १९४७ मध्येच कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून निर्माता एड्रियन स्कॉट आणि दिग्दर्शक एडवर्ड डिमिट्रिक यांना अमेरिकी संसदेच्या समितीनं बोलावलं, त्यांनी उत्तरं नाकारली, सिनेमा काढणाऱ्या आरकेओ स्टुडिओनंच दोघांना काढून टाकलं आणि पुढे दोघंही तुरुंगात गेले. १९५१ मध्ये डिमिट्रिकनं समितीपुढे कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावं घेतली, त्यात स्कॉटचंही होतं. हा सिनेमा करायचाच म्हणून स्टुडिओच्या मागे लागला होता तो स्कॉटच, आणि हॉलिवूडनं काम नाकारलेल्यांच्या काळ्या यादीत अडकून राहिला तोही तोच.

तेव्हा या सिनेमावर स्वतंत्र लेख द्या आणि त्यात दिग्दर्शकाच्या आधी स्कॉटबद्दल लिहा, ही मनापासून विनंती.

आपला एक वाचक