मेट्सला वर्ल्ड सिरीज देऊन टाकण्यापूर्वी

एडिसन, न्यू जर्सी

चि. सोहम यास,
अनेक आशीर्वाद.

बेसबॉलच्या ओपनिंग डेला, म्हणजे हंगामाच्या पहिल्या दिवसाला, अजून आठवडा आहे, आणि तू फॅमिली ग्रुपवर आपल्या न्यूयॉर्क मेट्सला वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपद, देऊनही टाकलीस! आईने विचारलं, "याच्या कॉलेजात अभ्यास असतो ना?" मी विषय बदलला.

तुझ्या उत्साहाची मला काळजी नाही. पहिल्या आठवड्यात दोन सामने गेले की तुझा आवाज पडतो आणि 'मॅनेजरला काढा' सुरू होतं, त्याची आहे. आयपीएलच्या साखळीत संघाला १४ सामने असतात. तिथे लागोपाठ तीन हरले की गणित बिघडतं, हे मान्य. इथे १६२ आहेत. शंभर जिंकणारा संघ म्हणजे दादा संघ, पण तोही ६२ वेळा हरून घरी जातो. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज खेळ. कुणाचं कोपर दुखणार, कुणाची बॅट महिनाभर रुसणार.

२०२४ आठव. पहिले पाचही सामने हरलो. २ जूनला २४ विजय, ३५ पराभव. मग १२ जूनला मॅकडॉनल्ड्सचा तो जांभळा बाहुला, ग्रिमेस, सामन्याआधीचा मानाचा पहिला चेंडू टाकून गेला आणि संघाने ओळीने सात सामने जिंकले. शेवटी ८९ विजय, आणि नॅशनल लीगच्या (दोन लीगांपैकी आपल्या) अंतिम फेरीत सहाव्या सामन्यात डॉजर्सनी अडवलं. श्रेय ग्रिमेसचं की आपला खेळाडू लिंडोरचं, ते तू ठरव. (माझं मत लिंडोरला.)

पुढच्या वर्षी नेमकं उलटं. फलंदाज सोटोशी १५ वर्षांचा, ७६.५ कोटी डॉलरचा करार. १२ जूनला, म्हणजे त्याच तारखेला, ४५ विजय आणि २४ पराभव. साऱ्या बेसबॉलमध्ये आपण पहिले. त्याच दिवशी आपला गोलंदाज सेंगा याच्या मांडीचा स्नायू दुखावला. तिथून पुढे ३८ जिंकले, ५५ हरले. शेवटच्या दिवशी सिनसिनाटीइतकेच ८३ विजय होते, पण आपसातल्या सामन्यांत ते सरस, म्हणून आपण प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) बाहेर. जूनमध्ये पेढे वाटणाऱ्यांत तू होतास, हे फक्त नोंदवून ठेवतो.

प्लेऑफमध्ये पोचलं तरी भरवसा नाहीच. २००१ मध्ये सिअॅटलने ११६ सामने जिंकले आणि यांकीजनी त्यांना वर्ल्ड सिरीजपर्यंतही जाऊ दिलं नाही. २०२१ मध्ये अटलांटा मात्र ८८ विजयांवर विजेता ठरला. १९८६ नंतर आपल्याला ते जमलेलं नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे: सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गुणतक्ता उघडावासा वाटावा. मेमध्ये तो पाहूच नये, असं माझं मत. तू ऐकणार नाहीस.

परीक्षा संपल्या की मेट्सच्या मैदानावर, सिटी फील्डला, जाऊ. तारखा कळव, तिकिटं मी काढतो. आईही येते म्हणाली आहे, पण डबलहेडर (एकाच दिवशी दोन सामने) नको, अशी तिची अट आहे.

तुझा,
बाबा