बाई, तुमचे तास आम्ही वहीत लिहिलेच नव्हते

बाई नमस्कार,

हे पत्र खरंतर कधीच लिहायला हवं होतं, पण परवा कपाट आवरताना आमची ती हिशेबाची वही सापडली, निळ्या पुठ्ठ्याची, आणि मग आवरणं राहिलं बाजूला, मी तिथेच जमिनीवर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. आम्ही चौघांनी नववीत वह्या बनवून विकायचा धंदा सुरू केला होता, जुन्या वह्यांमधली उरलेली कोरी पानं काढायची, दाभणाने भोकं पाडायची, दोऱ्याने शिवायची, वर पुठ्ठा चिकटवायचा. सगळ्यांनी तेव्हा कौतुक केलं, छान छान म्हणाले. हिशेबाची वही मागितलीत फक्त तुम्ही.

"दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर दाखवायची", एवढंच म्हणालात. तुम्ही गणिताच्या बाई, आम्हाला वाटलं बेरजा तपासणार. पण पहिल्याच शुक्रवारी तुम्ही विचारलंत की एक वही बनवायला किती वेळ लागतो, आणि आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. मग घड्याळ लावून मोजलं तर तब्बल ५० मिनिटं! आम्ही किंमत ठरवताना फक्त पुठ्ठा, दोरा, गोंद धरलं होतं, कागद फुकट आणि आमचा वेळही फुकट. तुम्ही वहीत "तास" नावाचा रकाना आखायला लावलात, चौघांचा वेगवेगळा. त्या एका रकान्यामुळे पुढे काय काय झालं ते सांगते.

एक म्हणजे आम्ही काम करायची पद्धत बदलली. एकेक वही सुरुवातीपासून शेवटपर्यंत करण्याऐवजी आधी सगळ्यांच्या घड्या, मग सगळ्यांची भोकं, मग शिवण, असं केल्यावर वेळ २० मिनिटांवर आला. आणि कटर, दाभणं, क्लिपा असा जो एकदाच झालेला खर्च होता त्याला एका वहीमागे सुटणाऱ्या रकमेने भागायला लावलंत, उत्तर आलं ३८. म्हणजे ३८ वह्या विकेपर्यंत आपण फक्त खड्डा भरतोय, ३९ व्या वहीपासून कमाई. ब्रेक-इव्हन हा शब्द मला नंतर कॉलेजमध्ये भेटला, पण अर्थ मला त्या ३८ मुळे आधीच माहीत होता.

दुसरं म्हणजे भांडण. आठवतंय ना? आमच्यातला एकजण क्लासमुळे येईनासा झाला आणि एकजण सगळ्यांच्या दुप्पट काम करत होती, तरी पैसे चार सारखे भाग करून वाटले जायचे. ती शेवटी रडली आणि म्हणाली मी सोडते. खरं सांगू, धंदा तिथेच बंद पडला असता आणि मैत्रीही. तुम्ही कोण बरोबर कोण चूक हे बोललाच नाहीत, तासांचं पान उघडून मध्ये ठेवलंत आणि बाहेर जाऊन बसलात. अर्ध्या तासाने आम्हीच ठरवलं की नफ्याचा निम्मा भाग सारखा वाटायचा कारण सुरुवातीचे पैसे सगळ्यांनी सारखे घातले होते, आणि निम्मा तासांप्रमाणे. मोठी माणसं मुलांची भांडणं पटकन मिटवून टाकतात, पण ते आम्हीच मिटवल्यामुळे पुन्हा झालं नाही.

आणि ती १२० वह्यांची ऑर्डर. आम्ही आनंदाने नाचत तुमच्याकडे आलो आणि तुम्ही विचारलंत, "माल आणायला डब्यात पैसे आहेत का?" नव्हते. पैसे माल दिल्यावर मिळणार होते. कागदावर भरपूर नफा आणि डबा रिकामा, हे असं असू शकतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही उसने दिले असतेत तरी आम्ही घेतले असते, पण तुम्ही म्हणालात निम्मे ॲडव्हान्स मागा. चौदा वर्षांच्या मुलांनी मोठ्या माणसाकडे ॲडव्हान्स मागायचा म्हणजे पोटात गोळा! मग तुम्ही स्वतः गिऱ्हाईक झालात, चेहरा कडक करून "का देऊ?" विचारायचात, आणि मी तीनदा अडखळून चौथ्यांदा नीट बोलले. ॲडव्हान्स मिळाला. लहान वयाच्या मुलांनी केलेला करार बहुतेक देशांत त्यांच्यावर बंधनकारक नसतो, म्हणून कोणीतरी मोठं माणूस सहीला लागतं, तर ती सही तुम्ही केली नाहीत, माझ्या बाबांना बोलवायला लावलंत, ज्यांना हा सगळा उद्योग अजिबात आवडत नव्हता. सहीसाठी त्यांना सगळं वाचावं लागलं आणि त्या दिवसापासून ते आमच्या बाजूचे झाले.

त्याच ऑर्डरीतले ४० पुठ्ठे वाकले, कागदाच्या धाग्याची दिशा, म्हणजे त्यातले तंतू ज्या बाजूने जातात ती, वहीच्या कण्याला, म्हणजे शिवणीच्या कडेला, समांतर हवी हे आम्हाला ठाऊक नव्हतं, ओल्या गोंदाने कागद आडवा फुगतो आणि पुठ्ठ्याला ओढतो. तुम्ही म्हणालात आजच फोन करून सांगा, द्यायच्या दिवशी नाही. चार दिवस जास्त मिळाले.

तुम्ही गोष्टीही सांगायचात. चेस्टर ग्रीनवूड नावाच्या १५ वर्षांच्या मुलाने १८७३ मध्ये थंडीसाठी कानावरचे इअरमफ बनवले, १८७७ मध्ये पेटंट घेतलं, त्याने तारेची कडी वाकवली आणि त्यावर शिवून दिलं ते त्याच्या आजीने. तुम्ही आजीवर जरा जास्त वेळ थांबला होतात. आणि १९१९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ज्युनियर अचीव्हमेंट या संस्थेबद्दल, जिथे मुलं खरीखुरी छोटी कंपनी काढतात, शेअर विकतात आणि वर्षाच्या शेवटी हिशेब चुकते करून ती रीतसर बंद करतात. दहावीची परीक्षा जवळ आल्यावर तुम्ही आम्हालाही तसंच बंद करायला लावलंत, उरलेला माल विकला, उधारी वसूल केली, घरच्यांचे पैसे परत दिले, चौघांचे वाटे केले, खाली सह्या. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. आता वाटतं की अर्धवट सोडून दिलं असतं तर मी पुढे कधी दुसरा धंदा काढायला धजले नसते, आणि आज जो करतेय तो उभाच राहिला नसता.

पण वही वाचताना एक गोष्ट लागली मनाला. तुम्ही आम्हाला प्रत्येकाचा तास न् तास लिहायला लावलात आणि त्या रकान्यात तुम्ही कुठेच नाही. मी शुक्रवार मोजले, जिथे जिथे तुमची लाल सही आहे तिथे. ३१ भरले, दर वेळी निदान तासभर, शाळा सुटल्यावर, तुमच्या घरी जायच्या वेळातला. बाकी तिघांना फोन करून विचारलं, सगळे हो म्हणाले. मग चौघांच्या शेजारी पट्टीने पाचवा रकाना आखलाय, वर "बाई" लिहिलंय आणि खाली ३१. येत्या शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळेला आम्ही वही घेऊन येतोय, त्याच्याखाली तुमची सही हवी आहे.

तुमची,
नववीतली ॲडव्हान्स मागणारी